खुशीचा राजीनामा

“दोनों जनी राज़ीनामा दे दीजिए, बात ख़त्म,” साहेब म्हणाले, आणि माझ्या जावेने त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून, त्यांचंच पेन घेऊन, उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं ती रडेल, निदान “साहब, मेरी क्या ग़लती” एवढं तरी म्हणेल. काही नाही. तिने कागद साहेबांपुढे ठेवला, नमस्कार केला, आपल्या मशीनवरची कात्री आणि जेवणाची पिशवी उचलली, आणि भर जूनच्या उन्हात, शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे छताला टेकलेले असताना, सिलाई केंद्राच्या पायऱ्या उतरून निघून गेली. घरी नवरा दम्याने बसलेला, दोन मुली शाळेत, आणि घरात येणारा पगार काय तो हिचा.

साहेबांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा खुलला की माझं डोकंच फिरलं. बाईच्या पोटावर पाय देऊन हा माणूस हसतो! मग ते माझ्याकडे वळले.

“देखिए, उन्होंने कितनी खुशी से दे दिया. अब आप भी लिख दीजिए.”

“मैं नहीं दूँगी.”

“इतनी ज़िद?”

“बरसों से काम कर रही हूँ, एक टाँका टेढ़ा नहीं गया. मैं क्यों दूँ?”

“टाँके की बात नहीं है. मन बड़ा कीजिए.”

“मन बड़ा ही है. नहीं दूँगी.”

साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. मी माझ्या मशीनवर जाऊन बसले आणि चाक घट्ट धरून ठेवलं. उठवायचं तर मशीनसकट उठवा म्हटलं.

आता ही जाऊ कोण ते सांगते. ही माझी धाकटी चुलत जाऊ. हिच्याइतकी मदतीने पछाडलेली बाई झाशीत दुसरी झाली नाही, होणार नाही, आणि होऊही नये. एकीनेच गावाला पुरेसा त्रास दिला. ती लक्ष्मी गेटपाशी राहायची, केंद्र सीपरी बाजारात, आणि एवढ्या वाटेत तिला कोणी ना कोणी अडलेलं सापडायचंच. केळीवाल्याचा ठेला चढावर ढकल, अनोळखी म्हातारीचं पीठ गिरणीतून आणून दे, दुसऱ्याच्या रडक्या पोराचं नाक आपल्या पदराने पूस. एकदा रस्त्याच्या कडेला उभा असलेला ऑटो बंद पडलाय असं समजून तिने मागून जोर लावला. चालक समोरच्या टपरीवर चहा पीत होता. ऑटो उताराला लागला तो सरळ भांड्यांच्या दुकानात. चालक बोंबलत आला, तर ही त्यालाच म्हणते, “भैया, तुम्हारा ब्रेक ढीला है, दिखा लेना.” आणि त्या माणसाने हिला हात जोडले. वर भांडेवाल्याने बसायला स्टूल दिलं. मी असते तर दोघांनी मिळून मला ठाण्यात नेलं असतं. तिचं नशीबच तसं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांत तेव्हापासून सलतं.

केंद्रात तर विचारूच नका. कुलूप उघडायच्या आधी ही दारात. प्रत्येकीची बॉबिन भरून ठेवायची, मशीनला तेल घालायचं, तुटकी सुई बदलायची, आणि बायका आल्या की काहीच केलं नाही असं तोंड करून आपल्या जागेवर बसायचं. एकदा एका मशीनला इतक्या मायेने तेल पाजलं की पांढऱ्या सदऱ्यांच्या सगळ्या गठ्ठ्यावर डाग उमटले. मग दिवसभर खडूची पूड चोळत बसली, आणि जिचे सदरे बिघडले ती बाई हिलाच धीर देत होती. माझ्या हातून एक डाग पडता तर तीच बाई गावभर सांगत फिरली असती.

आमच्यात गरौठ्याकडची एक अम्मा होती. काजं करण्यात तिचा हात चांगला, पण सुईचं भोक दिसायचं नाही. “काए बिन्नू, तनक धागा डार दो,” असं तिने एकदा म्हटलं असेल, तेवढंच. त्या दिवसापासून माझी जाऊ रोज सकाळी ओवलेल्या सुयांची एक रांग अम्माच्या पदराला टोचून ठेवायला लागली. एका शनिवारी अम्मा तो पदर तसाच घेऊन गरौठ्याच्या बसमध्ये चढली. शेजारी बसलेला गृहस्थ पहिल्या वळणावर किंचाळला, बस थांबली, कंडक्टर आला, आणि सगळ्या बसने मिळून त्याच्या दंडातून दोऱ्यासकट सुई उपसली. अम्मा सोमवारी येऊन हे सांगताना हसून हसून लोळली. तिलाही जावेचा राग नाही.

बरं, हिला कोणी धन्यवाद म्हटलेले खपायचे नाहीत. “धन्यवाद काहे का, मैं क्या मेहमान हूँ?” म्हणून अंगावर यायची. तिचा एक कायदा होता. पगार मिळतो तो कामाचा. त्यावर जे केलं ते आपलं स्वतःचं, त्यात कोणी बोट घालायचं नाही. सांगून केलं तर ते काम, आपणहून केलं तर मदत. एकदा कोणी तिला म्हणालं, “जरा मेरी भी बॉबिन भर देना,” तर म्हणाली, “भरने ही वाली थी. अब तुम ही भरो.” असली विक्षिप्त.

आणि एवढं सगळं करणारी ही बाई माझ्या मशीनकडे मात्र कधी फिरकली नाही. सगळ्या जगाच्या सुया ओवल्या, माझी एक ओवली नाही. माझी बॉबिन मी भरत होते, माझं तेल मी घालत होते. मला गरज होती असं नाही. केंद्रात कॉलर बसवण्यात माझा हात धरील अशी एकही नव्हती. बिघडलेलं काम शेवटी माझ्याकडेच यायचं. पण कामाला मान मिळतो, काढा मिळत नाही. मी तापाने आठवडाभर पडले तर निरोप आला, “कॉलर कब तक होंगे?” हिला नुसती सर्दी झाली तर पाच घरांतून तुळशीचा काढा आला. मी ते पाच पेले पाहिले आहेत. अजून डोळ्यांपुढे आहेत.

पहिली बरीच वर्षं आमच्यावर एक बहेनजी होत्या. जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, बोलणं अगदी कमी. “मिलजुलकर करो” असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण गठ्ठा परत आला की खुर्ची सोडून आमच्यात जमिनीवर बसायच्या आणि उसवायला घ्यायच्या. कोणाची चूक हे विचारायच्या आधी निम्मं उसवून झालेलं असायचं. आता मालकीण खाली बसून उसवते म्हटल्यावर आम्ही काय मशीनवर बसून बघणार? सगळ्या उतरायच्या. मीसुद्धा. त्या काळात मी एकदा एका नव्या मुलीच्या सगळ्या बाह्या आपणहून लावून दिल्या होत्या, हे लोक विसरले आहेत म्हणून सांगते. बहेनजींच्या राज्यात माझी जाऊ उठून दिसायची नाही, कारण थोडंफार सगळ्याच करायच्या. म्हणून तो काळ मला बरा गेला.

बहेनजी निवृत्त झाल्या आणि हे साहेब आले. वाईट माणूस नव्हता. तरुण, कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आलेला, बायकांशी मान खाली घालून बोलणारा. आल्या आल्या त्यांनी पाहिलं की इथे बायका एकमेकींचं काम करतात, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाढवायचं ठरवलं. भिंतीवर बोर्ड लागला. त्यावर लिहिलं, “महीने की सहयोगी बहन.” जी सर्वांत जास्त मदत करेल तिचं नाव त्यावर लागणार आणि तिला स्टीलचा तीन ताळी, म्हणजे तीन पुडांचा, डबा मिळणार.

त्या दिवसापासून मदतीला कीड लागली. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की बायका आपापलं काम टाकून दुसरीच्या कामावर पडायच्या. माझ्या एका कापडाची दोन टोकं दोघींनी दोन बाजूंनी धरली, “लाइए दीदी, हम पकड़ लें,” आणि बूट जवळ आले तशा दोघी इतक्या जोरात मदत करायला लागल्या की कापड मधोमध टरकलं. बूट गेले की दोघी गायब. अम्माला दिवसभरात सहा जणी पाणी आणून द्यायच्या आणि सुई ओवायला एकही नसायची, कारण सुई ओवलेली लांबून दिसत नाही.

डबा मिळाला माझ्या जावेला. दुसऱ्या कुणाला मिळणार? टाळ्या झाल्या, पेढे झाले. मी टाळी वाजवली, पण हळू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बॉबिनी भरलेल्या नाहीत. जाऊ आपल्या जागी, मान खाली, तोंड आंबट. तिसऱ्या दिवशी कळलं की ती चोरून करते. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की आत जाऊन घाईघाईने कुणाच्या मशीनला तेल घालायची, आणि पाऊल वाजलं की तेलाची कुपी पदराखाली. चोर चोरी लपवतो तशी ती मदत लपवत होती. मी विचारलं तर म्हणाली, “जाऊबाई, वरचं केलं ते माझं होतं. ह्या माणसाने त्यालाही भाव लावला. तीन ताळी डबा!”

मला तेव्हा बोलल्यावाचून राहवलं नाही. सगळ्या बघत होत्या, तरी म्हणाले, “डबा घरी पोचला ना? मग आता कशाला करशील तू!”

ती उठून आपल्या जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझ्या मशीनवर आदळला. “घ्या जाऊबाई. तुमचा जीव ह्याच्यात अडकलाय.”

मग मी बोलले, ती बोलली. मराठीत बोललो म्हणून बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. डबा दोनदा ह्या मशीनवरून त्या मशीनवर गेला, तिसऱ्यांदा खाली पडून त्याला पोचा आला, आणि त्या आवाजाने साहेब बाहेर आले. आम्हा दोघींना आत बोलावलं, दोन मिनिटं कपाळ चोळलं, आणि म्हणाले, “दोनों जनी राज़ीनामा दे दीजिए, बात ख़त्म.”

आता आमच्या घरात राजीनामा ह्या शब्दाला फार मोठा मान. सत्तावनचा गदर होऊन गेल्यावर आमच्या सासरच्या एका पूर्वजाने नव्या इंग्रज साहेबाच्या कचेरीत कारकुनी धरली होती. साहेबाने एकदा रागाने दौत फेकली, तर ह्यांनी ती उचलली, तिच्यातच टाक बुडवून राजीनामा लिहिला, टेबलावर ठेवला आणि घरी आले. पुढे दोन वर्षं घर नुसत्या हरभऱ्यावर जगलं. हरभऱ्याचं कोणी सांगत नाही, राजीनाम्याचं सगळे सांगतात. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला ही गोष्ट ऐकवतात. राजीनामा मागितला तर भांडायचं नाही, रडायचं नाही, लिहायचा आणि उठायचं, अशी घराण्याची रीत. माझी जाऊ ती रीत मनापासून ऐकत आली. मीही ऐकली होती, पण मला हरभरेही ऐकू आले होते.

ती गेल्यावर साहेबांनी तो कागद बोर्डावर लावला, “सहयोगी बहन”च्या शेजारी! मी जाऊन वाचला. जावेच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: राजीनामा. मी माझ्या खुशीने देत आहे. माझे कोणाशीही भांडण नाही. खाली सही. बायका येऊन वाचत होत्या आणि माझ्याकडे वळून बघत होत्या. मला वाटलं, पुढची पाळी हिची, म्हणून बघतात. अम्मा तर जवळ येऊन बसली. “काए बिन्नू, ऊने दे दओ. तुम तनक झुक जातीं तो का बिगर जातो?”

मी भडकले. “अम्मा, तुम दे दो ना!”

“हम काए दें? हमाओ तो कोऊ सें झगड़ा नइयाँ.”

मला काही उमगेना. भांडण नाही म्हणून राजीनामा नाही, हा कुठला न्याय?

नंतरचे दिवस वाईट गेले. पहिल्या दिवशी पाण्याचा मटका रिकामा. तो कोण भरायचं हे कोणालाच माहीत नव्हतं, तो आपोआप भरतो असंच सगळ्यांना वाटायचं. साहेबांनी पाळ्या लावल्या. पाणीवाली पाणी आणायची पण पेला आणायची नाही. पेला पाळीत लिहिला नव्हता. तेलवाली तेल घालायची, पुसायची नाही. अम्माने आंधळेपणाने काजं केली ती बटणांशी जुळेनात. गठ्ठे कमी होईनात. मी तर सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या मागून जायची, माझ्या जागेवर दुसरी बसेल ह्या भीतीने. लघवीलासुद्धा मशीनवर पिशवी ठेवून जायची. साहेब रोज एकदा येऊन हळूच विचारत, “मन बना?” मी म्हणे, “नहीं बना.” ते मान हलवून जात.

जावेची जागा रिकामी, आणि माझ्याइतकं शिवणारी आता कोणीच नव्हती. मुख्य कारीगर म्हणून माझंच नाव व्हायचं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पण तिच्या रिकाम्या खुर्चीकडेच सगळ्या बघायच्या. असून नडली, नसूनही नडली.

मग एक दिवस साहेब त्या खुर्चीपाशी थांबून मला म्हणाले, “आपकी देवरानी कब आएँगी? आराम कर रही होंगी, यह सोचकर मैंने कुछ नहीं कहा, पर अब बहुत दिन हो गए. दो-चार दिन में न आईं तो ऊपर से उनका नाम कट जाएगा.”

राजीनामा घेतला, भिंतीवर लावला, आणि आता नाव कापणार म्हणतात. कापायला राहिलंय काय?

त्या संध्याकाळी मी घरी तोंड उघडलं. आमचे हे कोर्टाच्या कचेरीत नोकरीला होते. भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होते. “दोनों जनी राज़ीनामा दे दीजिए” हे मी साहेबांच्या सुरात म्हणून दाखवलं आणि ह्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं, पाठ चोळली. ठसका थांबला तरी हे हसतच होते.

“अगं, कचेरीत रोज राजीनामे होतात! दोन भाऊ बांधावरून भांडतात, राजीनामा करतात आणि बाहेर जाऊन एका बशीत चहा पितात. हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता. नोकरी सोडायची तर इस्तीफा. त्या बिचाऱ्याने तुम्हाला भांडण मिटवायला सांगितलं.”

“आणि आपल्या घरातला तो मोठा राजीनामा?”

“तो मराठीतला.”

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून बसले. म्हणजे इतके दिवस मी नोकरीला चिकटून बसले होते, आणि सगळं केंद्र समजत होतं की ही बाई एवढी खडूस की धाकट्या जावेशी समेट करायला तयार नाही. आणि जिने घरादारावर हरभऱ्यांची पाळी आणली, तिच्या नावाने बायका म्हणत होत्या, केवढं मन! ह्यातही तीच वर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लक्ष्मी गेटला गेले. ही अंगणात शेजारणीची चिंच फोडत बसलेली. चूल थंड होती, ते मी येता येता पाहिलं. धाकटी मुलगी ताटलीत भिजलेले हरभरे खात होती. मी काय ते सांगितलं. जाऊ हसली नाही. चिंचोके वेगळे करत राहिली.

“चुकून दिला तरी दिलाच ना, जाऊबाई. आपल्या घरात दिलेला राजीनामा कोणी परत घेतलेला नाही.”

“मग घरी बसून काय करणार? दीरांच्या औषधाचं काय?”

“बघेन.”

“काय बघशील? घराण्याने बघितलं तेव्हा दोन वर्षं हरभरे खाल्ले. तुझ्या मुली आत्ताच खातायत.”

तिचे हात थांबले. डोळे भरले, पण मान ताठ. मला अशा वेळी समजूत घालता येत नाही. मी म्हटलं, “हे बघ, तू लिहिलंस ते साहेबाने हिंदीत वाचलं. हिंदीत तू माझ्याशी समेट केलायस, आणि तोही खुशीने. भिंतीवर लागलाय, गावाने वाचलाय. राजीनामा दिलायस तो फक्त मराठीत. आणि त्या केंद्रात मराठी येतं कोणाला? मला. मी काही तो वाचलेला नाही.”

“तुम्ही वाचला नाही?”

“माझं शिक्षण किती? चौथी. अक्षर लागलं नाही.”

आता ती हसली. मग पदराने नाक पुसून माझ्याकडे तिरकं बघत म्हणाली, “आणि तुमचा हो? साहेबाने दोघींना मागितला होता.”

मी उठले.

केंद्रात गेले ती सरळ साहेबांच्या खोलीत. म्हटलं, “उसका लिखा हुआ है, मेरा मुँह का समझिए. राज़ीनामा.” साहेब खुर्चीतून उठलेच. मी म्हटलं, “बैठिए. और वो डब्बे का बोर्ड उतारिए.”

“पर इनाम नहीं होगा तो सहयोग कैसे होगा?”

“पहले वाली बहनजी ज़मीन पर बैठती थीं. आप कभी मटका तो उठाकर देखिए.”

मी चिडून बोलले होते, पण त्या माणसाने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही येऊन पाहतो तो साहेब स्वतः नळावरून मटका भरून आणतायत. बूट काढलेले, पॅन्ट वर दुमडलेली, मटका पोटाशी धरलेला. उंबऱ्याला पाय अडला. मटका फुटला, साहेब पाण्यात बसले, आणि पाणी गणवेशांच्या गठ्ठ्यांकडे धावलं. अम्मा “हाय दइया!” म्हणून झाडू घेऊन धावली. कोणी गठ्ठे उचलले, कोणी आपली ओढणी पाण्यात टाकली, मी साहेबांना दंडाला धरून उठवलं. कोणाची पाळी आहे हे कोणी बघितलं नाही. आणि तेवढ्यात दारातून माझी जाऊ आली. काय झालं विचारलं नाही, इतके दिवस कुठे होते सांगितलं नाही. पिशवी खुंटीला लावली, पदर खोचला आणि पाणी निपटायला बसली. बसल्या बसल्या म्हणाली, “साहब, मटका कमर से नहीं, घुटने मोड़कर उठाते हैं.”

“जी,” साहेब म्हणाले.

बोर्डावरचं इनाम उतरलं. जावेचा राजीनामा मात्र साहेबांनी काच लावून ठेवला. वरून कोणी तपासायला आलं की तो दाखवायचे, “हमारे यहाँ का वातावरण देखिए.” जाऊ मान खाली घालून उभी राहायची आणि मी तिच्याकडे बघायची नाही, कारण बघितलं की आम्हा दोघींना हसू फुटायचं. आमच्या घराण्यात राजीनामा देऊन पगार घेत राहिलेली ती एकटीच.

माझी बॉबिन तिने त्यानंतरही कधी भरली नाही. खूप वर्षांनी, केंद्र बंद झाल्यावर, मी तिला एकदा विचारलं, “अगं, जगाच्या सुया ओवल्यास. माझं काय वाकडं होतं?” तिला नवल वाटलं. म्हणाली, “जाऊबाई, तुमच्या मशीनला कोणी हात लावला की तुम्ही पुसून घेत होता. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.” ते खरं आहे. माझं मशीन होतं, पुसणारच.

गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली होती. मी गोधडी शिवत होते आणि सुईचं भोक सापडत नव्हतं. ती समोर बसून बघत होती. एक शब्द नाही, हात पुढे नाही. शेवटी मीच सुई तिच्यापुढे धरली. तिने घेतली, उजेडाकडे वळली, दोरा तोंडात ओला केला, एकदा, दोनदा, कितीदा तरी केला. मग हळूच म्हणाली, “मलाही दिसत नाही हो आता.” सुई परत मी घेतली, मग तिने, मग मी. चहा गार झाला. दोरा गेला नाही.

पोचा आलेला तो तीन ताळी डबा माझ्याकडे आहे. त्यात मी हरभरे ठेवते. बहेनजी गेल्या, अम्मा गेली, साहेब गेले, आमचे हे गेले, दीरही गेले. ती अजून लक्ष्मी गेटवरून माझ्या घरापर्यंत पायी येते, मला जिना उतरवत नाही. तेही मला बघवत नाही. त्या केंद्रात शिवणाऱ्यांपैकी आता आम्ही दोघीच आहोत, ती आणि मी.